आधी विहीर, मग आमराई

मे महिन्यात कोकणातल्या गावात पाहुण्याला फिरवायचा रस्ता ठरलेला असतो. सकाळी देऊळ, मग आमराई, दुपारच्या जेवणात आमरस नाहीतर कोंबडी-वडे, उन्हं कलली की खाडी किंवा समुद्र. दोन दिवसांत गाव बघून होतं. या रिवाजामागे एक समजूत आहे. गावात जे देखणं, रुचकर आणि जुनं असेल तेवढं पुढे करायचं. अडचणीचं, घामाचं, वादाचं जे असेल ते माजघरात ठेवायचं. ही समजूत एवढी रुजली आहे की ग्रामीण पर्यटनाच्या योजना, न्याहारी-निवासाच्या जाहिराती आणि गावातल्या तरुणांनी काढलेले व्हिडिओ, सगळे तिच्याच आधाराने चालतात.

मला ती उथळ वाटते आणि गावाला घातकही वाटते. गाव ही प्रेक्षणीय जागांची यादी नाही. पाणी, श्रम आणि हक्क यांची पिढ्यानपिढ्या बसत गेलेली ती एक घडी आहे. उन्हाळ्यात या घडीवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून याच दिवसांत ती सर्वांत स्पष्ट दिसते. ती ज्याला दाखवली नाही तो पाहुणा गाव न बघताच परत जातो. वर, त्याच्या नकळत, ती विस्कटूनही जातो. म्हणून गाव दाखवायचं तर विहिरीपासून सुरुवात करावी आणि आमराईत त्यानंतर जावं, असं माझं म्हणणं आहे. ते तीन टप्प्यांत मांडतो. माझ्या डोळ्यांसमोर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत.

१. पाणी

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हा आकडा ऐकलेल्या माणसाला इथे टंचाई असते हे पटत नाही. पण जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. चार महिन्यांत पडलेलं पाणी वेगाने समुद्राला मिळतं. दिवाळीपर्यंत पऱ्ये वाहतात, शिमग्याला त्यांचे डोह उरतात, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास विहिरीचा तळ दिसू लागतो. ज्या आठवड्यांत हापूस भरात असतो, त्याच आठवड्यांत विहीर सर्वांत खोल गेलेली असते. पाहुणाही नेमका तेव्हाच येतो.

पाहुण्याला यातलं काही दिसत नाही, कारण यजमानाने गच्चीवर टाकी बसवलेली असते. नळ सोडला की पाणी येतं. हे पाणी किती आहे याचा हिशेब करू. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरलं आहे. शहरांच्या नियोजनात माणशी १३५ लिटर धरण्याची पद्धत आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराची दिवसाची गरज २७५ लिटर. त्या घरात दहा पाहुणे उतरले आणि शहरातल्या सवयीनेच राहिले, तर त्यांची गरज १,३५० लिटर. घरच्यांच्या जवळजवळ पाचपट. पंधरा लिटरचा हंडा धरला तर हे नव्वद हंडे होतात, आणि समुद्रावरून आल्यावर अंगाची वाळू धुवायची दुसरी आंघोळ यात धरलेलीच नाही.

प्रश्न एका घराचा असता तर तो त्या घराने सोडवला असता. पण जमिनीखालचं पाणी सामाईक असतं. उन्हाळ्यात विहिरीत रात्रभर झरे पाझरतात आणि पहाटे जेवढं साठलेलं असेल तेवढंच त्या दिवसाचं पाणी. वरच्या अंगाच्या विहिरीवर पंप जास्त वेळ चालला की खालच्या वाडीतल्या विहिरीत हंडा टेकतो. खालच्या वाडीतल्या बाईला याचं कारण ठाऊक असतं, वरच्या यजमानालाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त ज्याच्यासाठी पंप चालू आहे त्याला. गाव दाखवण्याच्या चालू पद्धतीतला सर्वांत मोठा दोष मी हाच मानतो. ज्याच्या वागण्याने फरक पडणार आहे, त्यालाच आपण अंधारात ठेवतो आणि त्याला आदरातिथ्य म्हणतो.

म्हणून पहिल्या दिवशी, शक्यतो पहाटेच, पाहुण्याला विहिरीवर न्यावं. काल संध्याकाळी पाणी कुठल्या चिऱ्यापर्यंत होतं, रात्रीत किती चढलं, त्यावर किती घरं भागतात, गुरांना किती लागतं, हे दाखवावं. न्हाणीघरात ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी लावून जे साधत नाही ते यातून साधतं, कारण पाटी उपदेश करते आणि विहीर वस्तुस्थिती सांगते. चिऱ्यावरची ओल स्वतः पाहिलेला माणूस फवारा चालू ठेवून उभा राहत नाही. त्याला बादली द्यावी लागत नाही, तो मागून घेतो.

पाण्याचा हिशेब बघायला कोण येणार, अशी शंका कुणी काढेल. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे तिला उत्तर आहे. तिथे पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. पावसाळा संपला की गाव उपलब्ध पाणी मोजतं, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी बाजूला काढतं आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतील ते ग्रामसभेत ठरवतं. शेतीसाठी कूपनलिका खोदायला तिथे मनाई आहे. हे काम उभं करणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. त्या गावात ना समुद्र आहे, ना हापूस. तरी देशभरातून माणसं तिथे जातात आणि पाण्याचा ताळेबंदच बघून येतात.

२. श्रम

आमराईत पाहुणा फळ बघतो आणि सावली बघतो. त्या फळामागचे आठ महिने त्याला कुणी सांगत नाही. थंडी लांबली तर मोहोर उशिरा येतो, तुडतुडा आणि फुलकिडे आले की फवारणीच्या फेऱ्या वाढतात, अवेळी पाऊस पडला तर मोहोर काळा पडतो. पहाटे उठून झेल्याने एकेक फळ देठासकट उतरवावं लागतं, कारण देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागतं. मग वजनाप्रमाणे निवड, पेटी भरणं आणि रात्रीच्या गाडीने वाशीचा बाजार. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा उल्लेख प्रत्येक फलकावर असतो. मात्र त्याच बागेत राखण आणि फवारणी करणारा, नेपाळहून आलेला, बागेतल्या खोपटात राहणारा गडी पाहुण्याच्या एकाही फोटोत नसतो. बाग मालक स्वतः बघतो की व्यापाऱ्याला कराराने दिली आहे, पेटीच्या भावातलं कुणाला किती सुटतं, हे विचारण्याची पाळीच पाहुण्यावर येत नाही. हे ऐकलेला माणूस आंबा बेताने मागतो आणि भावावरून घासाघीस करत नाही. तेवढा फरक मला पुरेसा वाटतो.

घरातलं काम याहूनही झाकलेलं आहे. मे हा आगोटीचा महिना. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी याच दिवसांत करायची असते. रातांबे फोडून सालं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. पहिल्या सरीआधी सोलं कडकडीत झाली नाहीत तर वर्षाचं कोकम गेलं. फणसपोळी, आंबापोळी, कुळीथ-उडदाची साठवण, पापड, लाकूडफाटा. खारवीवाड्यांत १ जूनच्या मासेमारी बंदीआधी सुकी मासळी भरायची. कौलं चाळायची, पडवीला झड्या बांधायच्या, तरव्याच्या जमिनीची भाजावळ कुठे राहिली असेल तर उरकायची. यातलं निम्म्याहून जास्त काम बायका करतात. त्यांच्या वर्षातल्या सर्वांत कामाच्या महिन्यात आपण त्यांच्या अंगावर दहा माणसांचा नाश्ता, दोन जेवणं आणि मध्ये तीन वेळचा चहा घालतो, आणि त्याचं कौतुक ‘कोकणी माणसाचा अगत्यशील स्वभाव’ या शब्दांत होतं. स्वभाव पुरुषाचा आणि चूल बाईची, असं हे खातं आहे. पाहुण्यांकडून आलेले पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या खात्यात जातात, तेव्हा ते उघडच होतं.

यावर एक उपाय अलीकडे सुचवला जातो: पाहुण्यांनाच हे काम ‘अनुभव’ म्हणून करू द्यावं. चार रातांबे फोडायचे, घावन घालून बघायचं, जात्यावर बसून फोटो काढायचा. मला तो पटत नाही. त्याने काम हलकं होत नाही, उलट शिकवण्याचं काम वाढतं, आणि कष्टाचा खेळ होतो. याहून सोपी गोष्ट म्हणजे जेवणाचा बेत घरच्या दिवसाला धरून ठरवणं. ज्या दिवशी सोलं घालायची आहेत त्या दिवशी पिठी-भात. पाहुण्याला त्याचं कारण सांगायचं. कारण सांगितलं की पिठी-भातही मानाचा होतो.

३. हक्क

शहरातल्या माणसाला गावात सगळं मोकळं दिसतं. कुंपण नसलेली जमीन कुणाचीच नाही असं त्याला वाटतं. पण आमराईतून जाणारी पायवाट कुणाच्या तरी वहिवाटीची असते, देवराहाटीतली वाळकी फांदीही न उचलण्याचा नेम असतो, खाडीकाठच्या कालवांवर वर्षानुवर्षं ठरावीक बायकांचं पोट चालतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे सडा. मे महिन्यात सड्यावर गवत नसतं, माती नसते, नुसता काळपट तांबडा कातळ भाजत असतो. बघणाऱ्याच्या मनात एकच शब्द येतो, पडीक. पण पावसाळ्यात त्याच कातळावर गुरं चरतात, मातीच्या पातळ थरावर नाचणी-वरी होते, आणि सड्यात मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून वाड्यांना मिळतं. शिवाय उन्हाळ्यात सडा उघडा पडतो म्हणूनच त्याच्यावरची कातळशिल्पं नीट दिसतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या माणसांच्या मदतीने ती शोधून नोंदली. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीच्या हत्तीच्या आकृतीत अनेक छोट्या आकृत्या कोरलेल्या आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या या शिल्पांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. बारसूचा सडाही त्यात आहे. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यात त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं, त्यांत बायका मोठ्या संख्येने, भर उन्हात सड्यावर जाऊन बसली. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरुद्ध काय म्हणणं आहे तो या लेखाचा विषय नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की जी जमीन पाहणाऱ्याला रिकामी वाटते, तिच्याबद्दलचे निर्णयही ती रिकामी आहे असं धरूनच होतात. सडा पाहुण्याला दाखवताना ‘इथे काही नाही’ म्हणून गाडी पुढे नेणारा गावकरी आपल्याच गावाविरुद्ध साक्ष देत असतो.

हक्काची आणखी एक बाजू आहे आणि ती बाहेरच्यांची नसून आपली आहे. गाव वाड्यांचं असतं, आणि पाहुण्याची फेरी सगळ्या वाड्यांतून जात नाही. देवळापासून जुन्या वाड्यापर्यंत आणि तिथून समुद्रापर्यंतची वाट बौद्धवाडीला वळसा घालते, डोंगरावरच्या धनगरवाड्यापर्यंत तर ती चढतच नाही. टंचाई आराखड्यात मात्र धनगरवाड्यांची नावं वर्षानुवर्षं असतात. पाण्याचा हक्क हा कोकणातल्या गावाचा किती मूळ प्रश्न आहे, हे महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जगाला दाखवलं. तो दिवसही उन्हाळ्याच्या तोंडाचाच होता. त्या इतिहासाच्या प्रदेशात आपण पाहुण्याला ‘सगळं गाव एका कुटुंबासारखं’ असं सांगत फिरवतो, तेव्हा खोटं बोलतो. पर्यटनाचा पैसा कोणत्या वाडीपर्यंत पोहोचतो याचं उत्तर फेरी कुठून जाते यात असतं.

वेळासचा दाखला

हे सगळं कागदावरचं वाटू नये म्हणून मंडणगड तालुक्यातलं वेळास घेऊ. या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एके काळी ती अंडी खाण्यासाठी चोरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. घरट्यातली शंभराच्या आसपास अंडी कुंपणाच्या आत हलवायची, दीड-दोन महिने पहारा करायचा, पिल्लं वर आली की सकाळी किंवा संध्याकाळी वाळूवर सोडायची. पाहुणे दोरीमागे उभे राहतात, पिल्लाला हात लावत नाहीत, फ्लॅश मारत नाहीत. कधी पिल्लं निघतात, कधी नाही निघत. मुक्काम गावातल्या घरांत, जेवण घरचं, साधं.

वेळासमध्ये पाहुण्याला कासव दिसतं हे महत्त्वाचं खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे त्याला एक काम दिसतं. गावाने काय राखलं, कसं राखलं, त्यासाठी पाहुण्याने कुठे थांबायचं, हे सगळं एकाच दोरीने स्पष्ट होतं. आणि ती दोरी गावाने बांधलेली आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की माणसं दमून-भागून विसाव्याला येतात, त्यांना हिशेब कशाला ऐकवायचे? विसावा त्यांचा हक्कच आहे. पण विहिरीवरची अर्धा तासाची पहाट विसाव्याच्या आड येत नाही, आणि दोन दिवस रील बघत लोळून जे मिळतं त्यापेक्षा जास्त काही तरी घेऊन जाण्याची ओढ बहुतेक माणसांत असते. पाहुण्याची बुद्धी कमी लेखणं हाही अनादरच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. टंचाई आणि कष्ट दाखवणं म्हणजे गरिबीचं प्रदर्शन मांडणं होईल. ही भीती खरी आहे आणि रेषा बारीक आहे. माझी कसोटी अशी: ज्याच्या आयुष्याबद्दल बोललं जातंय तो स्वतः बोलतो आहे का, आणि नको म्हणण्याची मोकळीक त्याला आहे का? धनगरवाड्यावर टँकरभोवतीची गर्दी दाखवायला गाडी नेणं निंद्य आहे. पण धनगरवाड्यातल्याच माणसाने आपली गुरं, आपला झरा, आपली चढणीची वाट दाखवणं आणि त्याचे पैसे घेणं यात लाजिरवाणं काहीच नाही. तो नको म्हणाला तर तिथे जाऊ नये, विषय संपला.

तिसरा आक्षेप पोटाचा. पाहुण्यांची संख्या विहिरीवर ठरवायची म्हटलं तर मे महिन्याची कमाई बुडेल. काही बुडेल, हे मी नाकारत नाही. ज्या घराने कर्ज काढून चार खोल्या बांधल्या आहेत त्याला हे ऐकवणं सोपं नाही. पण मे महिन्यातली चार आठवड्यांची झुंबड हाच धंद्याचा पाया असेल तर तो पाया पाण्याइतकाच खोल आहे. विहीर आटली की टँकर विकत घ्यावा लागतो आणि नफा तिथेच जातो. कातळशिल्पं डिसेंबरातही बघता येतात, कासवांची पिल्लं फेब्रुवारी-मार्चपासून निघतात, सड्यावरची फुलं पावसाळ्याच्या शेवटी. माणसं वर्षभरात पांगली तर कमाई टिकते. आणि ज्याला गाव कळलं तो दोन रात्रींऐवजी चार रात्री राहतो.

चौथं म्हणणं वडीलधाऱ्यांचं असतं: पाहुण्यापुढे हिशेब मांडणं आपल्या रीतीत बसत नाही. मला वाटतं, रीत याच्या उलट होती. पूर्वी मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात घरी यायचा तेव्हा तो स्वतः रहाटावर उभा राहायचा, कौलं चाळायला छपरावर चढायचा, बेगमीला हातभार लावायचा. त्याच्याबरोबर आलेला शेजारीही खळ्यात बसून फणस फोडू लागायचा. घरची स्थिती त्याच्यापासून लपवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो तिच्यातच राहत होता. पाहुणा आणि घर यांच्यात भिंत आली ती पैसे देऊन राहण्याच्या पद्धतीबरोबर. पैसे घेण्यात गैर नाही, पण त्या भिंतीला परंपरेचं नाव देऊ नये.

ग्रामसभेचं काम

हे सगळं एकट्या यजमानावर सोपवून चालणार नाही. त्याने पाहुणे कमी घेतले आणि शेजाऱ्याने दुप्पट घेतले तर विहिरीला फरक पडत नाही. निर्णय गावाचा हवा, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. १ मे रोजी ग्रामसभा घेण्याचा प्रघात राज्यभर आहे, आणि पाहुण्यांचा लोंढा सुरू होण्याचीही तीच वेळ. पुढच्या वर्षीचा मे डोळ्यांपुढे ठेवून त्या सभेच्या विषयपत्रिकेवर चार गोष्टी घालाव्यात. प्रत्येक वाडीच्या विहिरीची त्या आठवड्याची पातळी आणि त्यावरून त्या वाडीत एका वेळी किती पाहुणे झेपतील तो आकडा. पाहुण्यांना कुठे न्यायचं आणि कुठे न्यायचं नाही, हे त्या त्या वाडीच्या तोंडून. गाव दाखवणाऱ्यांची यादी, प्रत्येक वाडीतला किमान एक माणूस आणि त्यांत बायकाही, प्रत्येकाचा दर ठरलेला. आणि राहण्या-जेवणाच्या दरात स्वयंपाक व पाणी यांची मजुरी वेगळी दाखवलेली, जी घरातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावी.